परसात बदकं पाळायचीत? आधी खुराडं बांधा, तेही दिवाळीनंतर

बदकं पाळायचं मनात आलं की माणूस पहिल्यांदा पिल्लं कुठे मिळतील ते विचारत सुटतो. पिल्लं येतात, खोक्यात राहतात, महिनाभरात खोकं पुरेनासं होतं, आणि मग घाईघाईत चार बांबू आणि उरलेली जाळी घेऊन काहीतरी उभं केलं जातं. मीही तेच केलं होतं. त्या पहिल्या खुराड्यात माझी दोन बदकं गेली. कशी गेली ते पुढे सांगतो, कारण या लेखातलं निम्मं शहाणपण तिथूनच आलेलं आहे.

हे सगळं कोकणातल्या परसासाठी लिहितोय. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. देशावर बांधणार असाल तर पावसाचा भाग थोडा सैल घ्या आणि उन्हाचा जास्त मनावर घ्या. मोजमाप सहा बदकांचं धरलंय, एक नर आणि पाच माद्या. घरी खायला अंडी हवी असतील तर एवढी पुष्कळ होतात. जात म्हणाल तर अंड्यांसाठी खाकी कॅम्पबेल. नीट ठेवली तर मादी वर्षाला अडीचशेच्या वर अंडी देते, मात्र अंड्यांवर बसायचं तिच्या मनात नसतं. पिल्लं हवी असतील तर जोडीला एखादी मस्कव्ही मादी ठेवा, ती नेटाने बसते. तळ्यावरचं हळदीकुंकू बदक कितीही देखणं दिसलं तरी ते पकडून आणायचं नाही. रानपक्षी पाळणं हा गुन्हा आहे.

कोंबडीचं खुराडं बदकाला का चालत नाही

कोंबडी उंचावर बसते, बदक जमिनीवर. त्यामुळे बसायला आडव्या काठ्या नकोत, उंच माळा नको, शिडी तर नकोच. बदकाचे पाय नाजूक. उंचावरून उडी मारली की लंगडतं, आणि पाय धरून उचललं तर पाय कायमचा जाऊ शकतो. उचलायचं झालं तर दोन्ही पंख अंगाशी दाबून, पोटाखाली हात घालून.

दुसरा आणि मोठा फरक पाण्याचा. बदक एक घास खातं आणि पाण्याकडे धावतं, पुन्हा घास, पुन्हा पाणी. चोच, नाकपुड्या आणि डोळे धुता येतील एवढं खोल पाणी त्याला लागतंच. पोहायला तळं नसलं तरी चालतं, पण डोकं बुडेल असं भांडं नसेल तर डोळे चिकटायला लागतात. आणि ते पाणी भांड्यात राहत नाही. आमच्या शेजारच्या आजी आठ दिवस बघत होत्या, मग म्हणाल्या, "तू बदकां पाळतंस की चिखल पाळतंस?"

खुराड्याचा सगळा आराखडा या चिखलावर ठरतो. झोपायची जागा उंच टोकाला, पाणी सखल टोकाला, आणि दोन्हींच्या मध्ये जमेल तेवढं अंतर.

जागा

घराच्या मागे, पण रात्री आवाज ऐकू येईल इतक्या जवळ. विहिरीपासून लांब आणि विहिरीच्या उताराच्या खालच्या बाजूला. नारळाखाली अजिबात नको. सुकी झावळ पडली तरी जाळी फाटते, नारळ पडला तर पत्र्याला भोक. आंब्याची किंवा फणसाची दुपारची सावली मिळाली तर उत्तम. झड नैर्ऋत्येकडून येते, म्हणून दार पूर्वेला किंवा ईशान्येला ठेवा.

कामाला दिवाळीनंतर हात घाला. पावसाने जमीन मऊ असते, चर खणायला त्रास होत नाही. एप्रिलमध्ये तीच जांभ्याची जमीन पहारीला दाद देत नाही. भातकापणी झालेली असते, त्यामुळे बदकांखाली अंथरायला पेंढा आणि तूसही हाताशी असतं. मृगाच्या आधी एक-दोन वळीव त्यावर पडून जाऊ द्यावेत. ती तुमची परीक्षा.

आखणी

झोपायचं घर सहा फूट रुंद आणि चार फूट खोल. एका बदकाला चार चौरस फूट पडतात, बरी जागा झाली. त्याला लागून उताराच्या दिशेने सहा फूट रुंद, बारा फूट लांब जाळीचं अंगण. दोन्ही मिळून सहा बाय सोळा. चार खुंट्या ठोका, सुतळी ताणा, आणि दोन्ही कर्ण मोजून सारखे येतात का बघा. कर्ण चुकला तर पत्रे बसवताना सुताराच्या शिव्या खाव्या लागतात.

अंगणाला घराकडून शेवटापर्यंत तीन इंच उतार हवा. पारदर्शक प्लास्टिकच्या नळीत पाणी भरून गवंडी पातळी घेतात, तसं घ्या. नजरेवर विसंबू नका, परसात सगळी जमीन सपाटच दिसते.

झोपायचं घर

अंगणाच्या जमिनीपेक्षा घराचा जोता सहा ते आठ इंच वर. चिऱ्याचा एक थर मातीत बसवून आत दगड-माती ठोकून भरा आणि वर कोबा घाला. कोब्याला पुढच्या दाराकडे इंचभर उतार द्या, म्हणजे धुतलेलं पाणी आपणहून बाहेर पडेल. मातीची जमीन स्वस्त पडते, पण घुशी खालून पोखरतात आणि एकदा भिजलेली माती सबंध पावसाळा वाळत नाही.

तीन भिंती चिऱ्याच्या दोन थरांच्या, म्हणजे गुडघ्याच्या जरा खालीपर्यंत. बसलेल्या बदकाच्या अंगावर थेट वारा येऊ नये एवढंच त्यांचं काम. त्यावर लाकडी फळ्या, आणि फळ्यांच्या वर छपरापर्यंत आठ इंचांची मोकळी पट्टी सगळीकडून जाळी मारून. या पट्टीत कंजूषी करू नका. थंडी वाजेल म्हणून नवखे लोक सगळं बंद करतात. बदकाला थंडी फारशी बाधत नाही, दमट कोंडलेली हवा बाधते. रात्रभर श्वासातून आणि शिटेतून निघणारी वाफ वरून निघून गेली पाहिजे. वायुवीजन नीट आहे का, हे कळायला एक साधा उपाय आहे. पहाटे दार उघडून गुडघ्यावर बसा आणि बदकाच्या डोक्याच्या उंचीवर नाक नेऊन हुंगा. डोळ्यांना झोंबलं तर पट्टी अपुरी आहे किंवा तूस बदलायला झालंय.

बदकांचं दार दीड फूट रुंद ठेवा. कोंबड्या एकामागून एक निघतात, बदकं सगळी एकदम. अरुंद दारात दोघं अडकली की मागची वर चढतात आणि पाय मुरगळतात. दारापुढे अडीच फुटांची फळी उतरती टाका, तिच्यावर दर चार इंचांवर रीप ठोका. मागच्या बाजूला माणसासाठी सबंध रुंदीचा दरवाजा करा, वर बिजागऱ्या लावून उचलला जाणारा. बाहेर उभं राहून फावड्याने तूस ओढता आलं पाहिजे. आत रांगत जावं लागणारं खुराडं पहिल्या महिन्यानंतर कुणी साफ करत नाही.

अंडी घालायला जमिनीवरच खोकी: फूटभर रुंद, फूटभर उंच, दीड फूट खोल. तीन माद्यांना एक, म्हणजे आपल्याला दोन. जाड पेंढा घाला. तरी एखादी मादी कोपऱ्यातच घालणार, तिच्याशी वाद घालू नका, त्या कोपऱ्यात पेंढा वाढवा.

आत खाणं नाही, पाणीही नाही. रात्री खाणं नसलं की पाण्यावाचून मोठ्या बदकाचं अडत नाही, आणि तूस कोरडं राहतं. पिल्लांचं गणित वेगळं, त्यांना पाणी लागतंच.

छप्पर

मंगलोरी कौलं गार राहतात, दिसतातही छान. पण आमच्याकडे माकडं येतात आणि कौलं सरकवून जातात. सरकलेल्या कौलाखालून जवादी मांजर आत उतरतं. कौलंच हवी असतील तर वाशांवर आधी जाळी ठोका, मग कौलं. मी पत्रा घातला. तो तापतो, म्हणून उन्हाळ्यात वर नारळाच्या झावळ्यांचे झाप विणून टाकतो आणि मे संपता संपता काढून घेतो. घराच्या चारही बाजूंना पत्रा दीड-दोन फूट बाहेर काढा. आठ इंचांच्या उघड्या पट्टीतून झड आत येऊ नये, यासाठी ही लांब वळचणच कामाची.

छपराला पन्हळ लावायला विसरू नका. मी विसरलो होतो.

झालं असं. पहिल्या वर्षी पत्र्याच्या पागोळ्या बरोबर अंगणाच्या दारापुढे पडायच्या. जून ते सप्टेंबर रोज तिथे पाणी कोसळत होतं आणि दाराखालची माती हळूहळू वाहून जात होती. चिखलात ते दिसलं नाही. ऑक्टोबरात ऊन पडलं, जमीन वाळली, आणि दाराच्या खालच्या फळीखाली मूठ जाईल एवढी घळ उघडी पडली. मी ती पाहिली होती. रविवारी दगड लावू म्हटलं. शुक्रवारी सकाळी अकराच्या सुमाराला बदकं एकदम ओरडली आणि मी पोचेपर्यंत मुंगूस त्याच घळीतून बाहेर पडत होतं. दोन माद्या मानेला धरून मारलेल्या. रात्रीची भीती धरून मी घराला जाडजूड कुलूप लावलं होतं, आणि मुंगूस हा दिवसा फिरणारा प्राणी.

तेव्हापासून कुणी जाळीबद्दल विचारलं की मी आधी पागोळ्या कुठे पडतात ते विचारतो. पाऊस वाट करून देतो, जनावर त्या वाटेने येतं. म्हणून दाराखाली चिऱ्याचा उंबरठा सिमेंटात बसवा, आणि पत्र्याचं पाणी पन्हळीतून नळीने केळीच्या आळ्यात सोडा.

जाळीचं अंगण

आपल्याकडे "कोंबडीची जाळी" म्हणून षटकोनी भोकांची जी बारीक तारेची जाळी मिळते, ती कोंबड्या आत ठेवायला ठीक आहे. कुत्र्याला बाहेर ठेवायला ती कुचकामी, दातांनी फाडतो. वेल्डेड जाळी घ्या, जस्ताचा मुलामा असलेली. घराच्या सगळ्या उघड्या जागांना अर्ध्या इंचाची. अंगणाला खालून अडीच फूट अर्ध्या इंचाची, त्यावर सहा फुटांपर्यंत एक इंचाची चालते. सगळ्या खर्चात जाळीचा वाटा मोठा असतो. पैसे कमी पडले तर अंगण लहान करा, जाळी हलकी घेऊ नका.

खांब दोन इंची लोखंडी पाइपचे, दर सहा फुटांवर, खाली सिमेंटात. जमिनीत गाडलेला बांबू फार तर दोन-तीन पावसाळे निघतो. एक बुरशीने जातो, दुसरा वाळवीने. बांबू वापरायचाच तर वरच्या आडव्या वाशांना वापरा.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम, जाळीचा पदर. अंगणाच्या तीन उघड्या बाजू मिळून तीस फूट भरतात. त्यांच्या बाहेरून अर्धा फूट खोल आणि फूटभर रुंद चर खणा. चार फूट रुंदीची अर्ध्या इंची जाळी घ्या आणि तिचा खालचा एक फूट काटकोनात बाहेरच्या बाजूला वळवा. तो फूटभर पदर चराच्या तळाशी बाहेर पसरेल, अर्धा फूट जाळी मातीत उभी राहील, अडीच फूट वर. चर परत बुजवून पायाने घट्ट दाबा. खणणारं जनावर जाळीच्या अगदी बुडाशी खणतं, त्याला पदर लागतो, आणि फूटभर मागे सरकून पुन्हा खणावं हे सहसा त्याच्या डोक्यात येत नाही.

जाळी खांबांच्या बाहेरून लावा. कुत्र्याने धक्का दिला की ती खांबावर दाबली जाईल. आतून लावलेली जाळी धक्क्याने सुटते. लाकडावर नुसते यू-खिळे मारू नका, जाळीच्या कडेवर रीप ठेवून स्क्रू मारा. दोन जाळ्या जुळतात तिथे चार इंच एकमेकांवर चढवून तारेने शिवा, दर दोन-तीन इंचांवर एक टाका.

जाळी कापताना तारेचे बारीक तुकडे उडतात. बदकाला चकाकणारं काहीही दिसलं की ते गिळतं, आणि पोटात गेलेली तार जिवावर बेतते. रोजच्या कामानंतर जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक दोरीला बांधून सगळ्या अंगणात फिरवा. मला पहिल्याच दिवशी ओंजळभर तुकडे, चार खिळे आणि कधीची हरवलेली बिजागरी मिळाली.

वरून काय? घराजवळचे आठ फूट पत्रा, शेवटचे चार फूट, म्हणजे पाण्याच्या जागेवर, नुसती एक इंची जाळी. पाऊस तिथेच पडू दे, बदकांना तो आवडतो. उरलेलं अंगण कोरडं राहिलं पाहिजे. वरचं आच्छादन काही ठिकाणी चैन वाटतं, पण घार आणि शिकरा दिवसा येतात, पिल्लांवर तर कावळेही. शिवाय रानपक्ष्यांची शीट खाण्यात पडत नाही. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लूची साथ आली तेव्हापासून पक्षी पाळणाऱ्यांनी एवढी काळजी घ्यायलाच हवी. पत्र्याखाली माणूस ताठ उभा राहील एवढी उंची ठेवा.

दाराला साधी कडी पुरत नाही. कडी-कोयंडा आणि त्यात अडकवायला साखळीला बांधलेला खिळा. साखळी यासाठी की खिळा पहिल्याच आठवड्यात हरवतो.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. मुंगूस, घोरपड, जवादी मांजर या सगळ्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण आहे. सापळे आणि विष यांच्या भानगडीत पडू नका. जाळी नीट असेल तर त्याची गरजही पडत नाही.

पाण्याची जागा

शेवटच्या चार फुटांत दीड फूट खोल खड्डा घ्या. खाली चिऱ्याचे तुकडे, वर खडी, आणि सगळ्यात वर चार इंच नदीतले गोल गोटे. खडी वर उघडी ठेवू नका, धारेने तळव्याला जखम होते, मग तिथे गाठ धरते आणि बदक पाय टेकेनासं होतं. खड्ड्याच्या तळातून दोन इंची पाइप उताराने केळीकडे न्या. पाइपचं बाहेरचं तोंड जाळीने बांधा, नाहीतर उंदरांना राजरस्ता.

गोट्यांवर दोन भांडी. एक अर्ध्या फुटाचं खोल घमेलं पिण्यासाठी आणि डोळे धुण्यासाठी, एक मोठा टब डुंबण्यासाठी. टबात चढायला-उतरायला बाहेर आणि आत एकेक चिरा ठेवा. टब रोज उपडा करून ओतायचा आहे, म्हणून भरल्यावर तुम्हाला कलंडवता येईल एवढाच घ्या. मी आधी सिमेंटचं कायमचं डबकं बांधायला काढलं होतं, गवंड्यानेच अडवलं. "उपसणार कोण?" एवढंच त्याने विचारलं. केळीच्या लोंगरांना हे पाणी मानवतं, खत वेगळं घालावं लागत नाही.

खाण्याचं भांडं पत्र्याखाली, पाण्यापासून चार-पाच फुटांवर. खाणं ओलसर कालवून द्या, कोरडं पीठ घशात अडकतं. आणि बुरशी धरलेला मका किंवा शेंगदाण्याची पेंड चुकूनही देऊ नका. बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन हे विष बदकाला कोंबडीपेक्षा कितीतरी लवकर मारतं. पावसाळ्यात पोतं जमिनीवर ठेवलं की आठवड्यात वास बदलतो. झाकणाचा पिंप घ्या, खाली फळी टाका, आणि पंधरा दिवसांपुरतंच आणा. पेंढ्याचंही तेच. काळा पडलेला, कुबट वास येणारा पेंढा स्वस्तात मिळाला तरी बदकांखाली नको, त्याने फुफ्फुसं जातात.

पहिले दिवस

बदकं आणली की पहिले दोन-तीन दिवस घर आणि अंगण एवढ्यातच राहू द्या. संध्याकाळी दिवेलागणीला हातात लांब काठी आडवी धरून मागून सावकाश चाला. काठीने मारायचं नाही, ती फक्त तुमचा हात लांब करते. चार-पाच संध्याकाळी हे केलंत की आपणहून रांग लागते. पळवू नका. खाकी कॅम्पबेल भित्री जात, एक बिथरली की सगळी भिंतीवर आदळतात. रात्री एकदम गोंधळ ऐकू येत असेल तर आत एक मंद दिवा ठेवून बघा, काळोखात ती जास्त घाबरतात.

सकाळी घाईने सोडू नका. बदकं पहाटे अंडी घालतात, साधारण नऊपर्यंत उरकतं. त्याआधी परसात सोडलीत तर अंडी केळीच्या बुडात नाहीतर थेट टबात. पशुवैद्यकीय दवाखान्यात बदकांच्या प्लेगच्या लसीची चौकशी बदकं आणण्याआधीच करून ठेवा, साधारण दोन-तीन महिन्यांच्या वयात ती टोचतात.

आणि मृगाचा पहिला दणदणीत पाऊस सुरू झाला की घरात बसू नका. छत्री घ्या आणि दहा मिनिटं खुराड्याभोवती फिरा. पन्हळ कुठे उतू जाते, पाणी जाळीच्या बुडाशी कुठे वळतं, उंबरठ्याशी माती गढूळ होऊन निघतेय का, ते त्याच वेळी दिसतं. जिथे माती सुटताना दिसेल तिथे दगड तेव्हाच ठेवा. रविवारची वाट बघू नका.